मोठ्या माणसांचा वर्ग

लहान मुलास शिकविणे जिकिरीचे, असे आपण नेहमी म्हणतो, व ते खोटे नाही. परंतु मुलाला शिकविताना एक मोठी सोय शिक्षकाच्या पदरी असते, तिचा आपणांस सहसा विसर पडतो. आपल्याला काही येत नाही याची मुलाला लाज वाटत नाही. घरात, दारात, खेळात रोजच त्याच्यापुढे न येणाऱ्या गोष्टी उभ्या राहतात. तो पडतो, उठतो आणि पुन्हा धावू लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याने संसार केला आहे, लेकरे वाढविली आहेत, जन्ममरणे पाहिली आहेत. भावकीत व शेजारात त्याच्या शब्दाला किंमत आहे. अशा माणसाने परक्यासमोर बसून वाकडातिकडा 'क' काढावयाचा, म्हणजे आयुष्यभर मिळविलेली प्रतिष्ठा तासभर उंबऱ्याबाहेर ठेवून आत यावयाचे. प्रौढांना शिकवू पाहणाराने ही किंमत आधी ओळखली पाहिजे. अक्षरओळख किती दिवसांत व्हावी, जोडाक्षरे केव्हा घ्यावी, हे सारे प्रश्न त्यानंतरचे होत.

सांगलीतील एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले, आणि गेली काही वर्षे गावभागातील आमच्या जुन्या वाड्याच्या सोप्यावर बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत आहे. आठवड्यातून चार दिवस, रात्री साडेआठ ते साडेनऊ. येणाऱ्यांत कोणी मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत कामाला जाणाऱ्या, कोणी भाजी विकणाऱ्या, कोणी दोन-तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या, तर दोघी-तिघी चांगल्या खात्यापित्या घरच्या सासवा आहेत. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यातील साक्षरांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर भरले, म्हणून आपण समाधान मानतो. राहिलेली माणसे कोठे असतील, हे पाहण्यास मात्र लांब जावे लागत नाही. हे मासिक ज्या घरांत वाचले जाते, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या स्वयंपाकघरात व परसात ती रोज वावरत असतात.

या वर्गात बसून जी एक गोष्ट मला उमगत गेली, ती वाचकांपुढे मांडावी असा विचार आहे. प्रौढ विद्यार्थ्याचा उपमर्द दोन तऱ्हांनी होतो: दटावून आणि चुचकारून. दटावणे सर्वांना दिसते, म्हणून त्याचा बंदोबस्त करता येतो. चुचकारणे मात्र करणाराला प्रेमासारखे वाटते, पाहणाराला कौतुकासारखे दिसते, आणि ज्याच्या वाट्याला येते त्याला ते का सलते हे सांगताही येत नाही. मोठ्या माणसाला लहान मूल समजणे, हा दोहोंतला दोष एकच.

दटावण्याविषयी फार लिहावयास नको. आमच्याकडे येणाऱ्या एक भाजीवाल्या आक्का पूर्वी दुसरीकडे अशाच एका वर्गाला जात असत. तेथे शिकविणारा तरुण मनाने वाईट नव्हता, परंतु "काल सांगितलं होतं ना? एवढ्यात कसं विसरलात?" हे वाक्य त्याच्या तोंडी बसून गेले होते. आक्कांनी आठ दिवस ऐकून घेतले, आणि नवव्या दिवसापासून त्या वाटेला गेल्या नाहीत. "माझ्या पोराच्या वयाचा त्यो," त्या मला म्हणाल्या. "पहाटे तीनला उठून सौद्याला जाते मी. इसरंल न्हाई तर काय व्हईल?" दिवसभर उन्हात बसून, रात्री भाकऱ्या थापून आलेल्या बाईची स्मरणशक्ती दहा वर्षांच्या मुलासारखी ताजी नसते, यात नवल ते काय? म्हणून आमच्या सोप्यावर एक रीत पडली आहे. कालचा धडा आज पुन्हा नव्याने व्हावयाचा. जिला आठवतो तिची उजळणी होते. जिला आठवत नाही तिला कोणी तसे विचारीतच नाही. गैरहजेरीचे कारणही आम्ही विचारीत नाही. मोठी बाई आली नाही म्हणजे तिला काही काम होते, एवढा विश्वास आपण आपल्या बरोबरीच्या माणसावर नेहमीच टाकतो. तोच येथेही टाकावयाचा.

आता चुचकारण्याची गोष्ट. आमच्या वर्गात अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी आहेत. तीन घरी त्या स्वयंपाक करतात. त्यांपैकी एका घरी, मावशी लिहावयास शिकत आहेत हे कळले, आणि सर्वांना मनापासून आनंद झाला. घर सुशिक्षित, माणसे सुस्वभावी. एका रविवारी तेथे पाहुणे जेवावयास आले होते, आणि आत पुऱ्यांचा घाणा चालू होता. यजमानीणबाईंनी मावशींना हाक मारून बाहेर बोलाविले. "आमच्या मावशी आता शाळेत जातात हं!" असे पाहुण्यांना सांगून त्यांनी कागद व पेन पुढे केले आणि म्हटले, "मावशी, जरा नाव लिहून दाखवा बघू!" सारेजण हसतमुखाने पाहात होते. घरातल्या नातवाने टाळ्याही वाजविल्या. मावशींनी पदराला हात पुसले, पेन धरले, आणि पहिल्या अक्षरापाशीच त्यांचा हात थबकला. "पुरी करपंल," एवढे बोलून त्या आत गेल्या. राहिलेल्या साऱ्या पुऱ्या त्यांनी तळल्या, ओटा पुसला, आणि पुढे तीन आठवडे त्या वर्गाकडे फिरकल्या नाहीत.

त्या घरातील कोणाच्याही मनात वाईट नव्हते, म्हणूनच ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घरचे कर्ते पुरुष पन्नाशीत गीता पाठ करू लागले, तर पाहुण्यांपुढे उभे करून त्यांना दुसरा अध्याय म्हणावयास आपण सांगत नाही. ते वडील आहेत. त्यांचा अभ्यास ही त्यांची खाजगी गोष्ट आहे, हे घरातल्या पोरालाही कळते. मावशींच्या बाबतीत ते कोणालाच कसे कळले नाही?

हसण्याचा हा उपद्रव आपल्या घरांना नवा नाही. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६३ साली देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि रानड्यांनी पत्नीला शिकविण्यास आरंभ केला. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाईंचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या शिकण्यावरून केलेली बोचरी थट्टा त्यांनी त्यात नोंदविली आहे. शिकविणारा पति एवढा विद्वान व अधिकारी, तरीही शिकणारीला माजघरात खाली मान घालावी लागली. तेव्हा वर्ग कितीही चांगला असो, त्यातून उठून मनुष्य ज्या घरात जातो त्या घराचीही यात जबाबदारी असते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर संसारी व निराधार स्त्रियांच्या शिक्षणाला रमाबाईंनी जे वाहून घेतले, त्यामागे माजघरातील ते दिवसही असतील, असे मला वाटते.

मावशी परत कशा आल्या, तेही सांगण्यासारखे आहे. त्यांना समजाविण्यास मी गेले नाही. शिक्षिकेने घरी जाऊन आर्जव करावे, हेही पुन्हा चुचकारणेच झाले असते. वखारीत काम करणाऱ्या दोघीजणी आपण होऊन त्यांच्याकडे गेल्या, त्या निराळ्याच कारणाने. आमच्या वर्गात अंकगणित शिकविताना मी वहीत बेरजा घालीत असे, आणि त्या कोणी मांडावयाच्या आत मावशी तोंडी उत्तर सांगत. पुढे पुढे उदाहरणे घालण्याचे काम त्यांच्याकडेच आले. चाळीस पानांची पंगत, पक्वान्न श्रीखंडाचे. चक्का किती, साखर किती? साठ माणसांना मसालेभात. तांदूळ किती घ्यावा? अशा हिशेबांत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. "तुमी न्हाई तर गणितं कोण घालणार? बाईंची गणितं लई सोपी असत्यात," असे त्या दोघींनी त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या जागेवर येऊन बसल्या. कोणी काही विचारले नाही. त्यांनी पंचवीस पानांच्या पुरणपोळीचे उदाहरण घातले.

जेथे मनुष्य केवळ घेणाराच असतो, तेथे त्याला मान वर करून बसता येत नाही. प्रौढ मनुष्य रिकाम्या हाताने येत नसतो. त्याच्यापाशी असलेले ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडेल अशी वाट शिक्षकाने मोकळी ठेवली, म्हणजे निम्मी लाज आपोआप जाते. उरलेली निम्मी सोबतीने जाते. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याने हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून दाखविले आहे. १९५९ साली तेथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. एकेका माणसाला निरक्षर म्हणून वेगळे न काढता सबंध गावाने साक्षर व्हावयाचे, असा तिचा बेत होता. गावातीलच शिकलेल्यांनी शिकवावयाचे, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हावयाचा. ज्या सावित्रीबाई फुल्यांचा जन्म १८३१ साली याच जिल्ह्यातील नायगावी झाला, आणि ज्यांनी जोतीरावांसह १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांकरिता रात्रीची शाळा काढली, त्यांच्या गावाकडे हे घडावे ही आनंदाची गोष्ट होय. पुढे ही मोहीम राज्यभर नेण्यात आली. सारा गाव पाटी घेऊन बसला म्हणजे कोणी कोणास हसावयाचे? तथापि या मोहिमेचा दुसरा धडाही विसरता येत नाही. समारंभ झाले, पण पुढे वाचण्याचा सराव न राहिल्याने पुष्कळांची अक्षरे पुसली गेली. गौरवाने मनुष्य वर्गात येतो; टिकतो तो अक्षराचा रोज काही उपयोग असेल तरच.

आमच्या मदतीस येणारी कॉलेजातील एक मुलगी आहे. मोठी गोड व कष्टाळू. प्रत्येकीच्या वहीवर ती "छान", "सुंदर" असे शेरे देत असे. एकदा वखारीतल्या एका बाईने तिच्यापुढे वही धरली व विचारले, "ह्यात चुकलंय काय?" मुलगी म्हणाली, "थोडंसं. पण छान आहे हं!" त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "छान नगं पोरी. चुकलं असंल तर चुकलं म्हण. बाजारात कोण मला छान म्हणून सोडणार हाय?" मुलगी समजूतदार. तिने ऱ्हस्व-दीर्घासकट साऱ्या चुका दाखविल्या, आणि त्या बाईने तेच वाक्य सहा वेळा लिहून आणले. आदर म्हणजे सवलत, अशी आपली एक समजूत झाली आहे. वास्तविक ज्याची आपणांस कीव येते, त्याच्याच चुका आपण पोटात घालतो. ज्याला बरोबरीचा मानतो, त्याच्याकडून आपण पुरे काम मागतो. मात्र चूक दाखवावयाची ती हळू आवाजात, त्याच्या वहीपाशी बसून. फळ्यापाशी उभे करून नव्हे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत या ठिकाणी आठवते. माणदेशातील कष्टकरी बायकांची स्वतःची बँक असावी म्हणून चेतना गाला सिन्हा यांनी खटपट केली, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला. बँक काढू पाहणाऱ्या बायका अंगठा उठविणाऱ्या होत्या, हे त्याचे कारण. बायका रडत बसल्या नाहीत. त्या लिहावाचावयास शिकल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की, आम्हाला वाचता येत नव्हते तरी मोजता येत होते. व्याजाचा हिशेब तुमच्या माणसांनी व आम्ही एकदमच करून पाहू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना कोणी दयेने परवाना दिला असता, तर त्यांची मान आज आहे तितकी ताठ राहिली असती काय?

आता शिकवावयाचे काय, याविषयी थोडेसे. 'कमळ', 'बदक' हे शब्द बालवाचनात शोभतात. आमच्या सोप्यावर पहिला शब्द घेतला जातो तो 'हळद'. तीन सरळ अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. त्याच्या पाठोपाठ 'दर', 'वजन', 'घट'. बाजारातले हे सारे शब्द बिनकान्यामात्र्याचे आहेत, ही आम्हा सांगलीकरांच्या भाग्याचीच गोष्ट म्हणावयाची. पुढे 'हळकुंड' आले म्हणजे उकार व अनुस्वार येतो, आणि 'गड्डा' आला म्हणजे जोडाक्षराशी गाठ पडते. पहिल्याच दिवशी हा शब्द फळ्यावर पाहून वखारीतली एक बाई हळकुंड मोडून आतला रंग कसा पारखावयाचा ते सांगू लागली, आणि वर्गातील खात्यापित्या घरच्या सासवा कान देऊन ऐकू लागल्या. ब्राझील देशातील पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस गावी सुमारे ३०० मजुरांना त्यांच्या कामाधंद्यातील शब्दांवरूनच वाचावयास शिकविले, आणि त्या शब्दांच्या निमित्ताने आपल्या स्थितीविषयी बोलावयासही लावले. इतक्या दूरच्या माणसाला सुचलेली गोष्ट आपल्या मार्केट यार्डात इतकी सहज लागू पडावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पावसाळ्यात आमचे क्रमिक पुस्तक बदलते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली म्हणजे इशारा, ४५ वर गेली म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ असते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या सखल वस्तीत राहणाऱ्या एक बाई त्या वेळी प्रत्येक तासाला शेजाऱ्याला विचारीत होत्या, आणि शेजारी जे ऐकीव सांगत त्यावर विसंबून होत्या. आता फोनवर आलेला पाणीपातळीचा आकडा त्या स्वतः वाचतात, कालच्या आकड्याशी ताडून पाहतात, आणि धान्याचे पोते केव्हा माळ्यावर चढवावयाचे ते ठरवितात. या बाईंना 'बदक' शिकविण्यात आपण सहा महिने घालविले असते, तर तो त्यांच्या वेळेचा अपमान झाला असता.

वर्गाच्या मांडणीतही पुष्कळसा मानापमान भरलेला असतो. गुडघे धरलेल्या बाईला खुर्ची हवी, आणि ती 'म्हातारीसाठी' म्हणून कोपऱ्यात ठेवलेली नसावी. उजेड भरपूर हवा. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते. कित्येकींना आपल्याला अक्षर 'डोक्यात शिरत नाही' असे वाटते, आणि खरे पाहता ते डोळ्यांनाच दिसत नसते. म्हणून आमच्याकडे वहीच्या आधी डोळे तपासण्याची रीत आहे. वाचनाचा साधा चष्मा चढविल्याबरोबर एका आजींचा 'भ' व 'म' यांतला सारा घोटाळा मिटला. पाण्याचा माठ सोप्यावरच आहे, आणि त्यातून ज्याने त्याने घ्यावयाचे. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, याच वाड्यात, आमच्या आजेसासूबाईंच्या वेळी, कोणी कोठवर यावयाचे व पाणी कोणी कसे घ्यावयाचे याच्या रेषा आखलेल्या होत्या. आज तसले काही नाही असे आपण म्हणतो. पण ज्यांच्या आयांनी त्या रेषा पाहिल्या, त्या बायका पहिल्या दिवशी सोप्याच्या कडेलाच बसतात. "पुढे या" असे नुसते तोंडाने म्हणून त्या येत नाहीत. आपण उठून त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसावे लागते.

संबोधनाचा प्रश्न मी सोपा समजत होते. सर्वांना अहोजाहो म्हणावयाचे, झाले! परंतु एक-दोघींनीच हरकत घेतली. "अहो म्हणलं की कचेरीत आल्यागत वाटतंय," असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून प्रत्येकीला पहिल्या दिवशी विचारण्यात येते की, तुम्हाला काय म्हणावयाचे? कोणी आक्का, कोणी मावशी, कोणी वहिनी. एका बाईंनी बराच वेळ विचार करून आपले माहेरचे नाव सांगितले. चाळीस वर्षांत त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती. सासरी त्या अमक्याची सून व तमक्याची आईच होत्या. त्यांनी पहिल्यांदा लिहिले तेही तेच नाव. नावांचे महत्त्व सरकारलाही पटलेले दिसते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात 'प्रौढ शिक्षण' या शब्दांच्या जागी 'सर्वांसाठी शिक्षण' असे शब्द योजिले आहेत. त्याची वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात झाली. आमच्याकडे परीक्षेला कोणी बसावे असा आग्रह नसतो. जिला हुरूप येतो ती बसते. जिला परीक्षेच्या नावाने घाम फुटतो, तिला आपले नाव दाखल्यावर आहे की नाही हे वाचता आले, एवढी परीक्षा पुरेशी आहे.

एखादा वाचक म्हणेल, आमच्या घरी तर सगळेच शिकलेले. आम्हांस याचा काय उपयोग? त्यांनी आपल्या घरातील आजोबांना नातवापाशी फोनवरून पैसे पाठविण्याची रीत शिकताना एकवार पाहावे. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला मनुष्य, आणि बारा वर्षांचा नातू त्यांना म्हणतो, "आजोबा, किती वेळा सांगायचं?" नाहीतर त्यांच्या हातातून फोन काढून घेतो व "द्या, मीच करतो" म्हणून मोकळा होतो. आजोबा गप्प बसतात आणि पुन्हा विचारीत नाहीत. दटावणे व चुचकारणे दोन्ही येथे एका मिनिटात पाहावयास मिळतात. याउलट ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या आजी तेथे जाऊ लागल्या, आणि त्यांना शिकविणारी त्यांच्यातल्याच एका घरची सून होती. सासू शिष्या व सून गुरू! आपल्या एकत्र कुटुंबांतून हा पालट नुसता मनात आणून पाहावा. गुरू धाकटा असला तरी वडिलांचा वडीलपणा शाबूत राहतो, हे ज्या घरात जमते त्या घराला आदर शिकविण्याची गरज नाही.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्वयंपाकाच्या त्या मावशींविषयीच ती आहे. पूर्वी त्यांच्या खाड्यांचा हिशेब त्या त्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर फुली मारून ठेवला जात असे, आणि महिन्याच्या अखेरीस जे हातात पडेल ते त्या घेत. आकडे व वार लिहिता येऊ लागल्यावर त्यांनी आपली स्वतःची वही केली. एका महिन्यात ज्या घरी पाहुण्यांपुढे नाव लिहावयास सांगितले होते, त्याच घरच्या हिशेबात दोन दिवसांचा फरक निघाला. मावशींनी पिशवीतून वही काढून ओट्यावर ठेवली आणि तारखा दाखविल्या. यजमानीणबाईंनी दिनदर्शिका काढून आणली, ताडून पाहिले, आणि दोन दिवसांचे पैसे दिले. नंतर काही क्षण कोणीच बोलले नाही, असे मावशी सांगतात. पुढच्या महिन्यापासून त्या बाई प्रथम मावशींची वही पाहतात व मग पैसे मोजतात. मला त्या बाईंचे कौतुक वाटते. नाव लिहिणाऱ्या मावशींना टाळी देणे सोपे होते. हिशेब विचारणाऱ्या मावशींपुढे आपली दिनदर्शिका ठेवणे अवघड होते, आणि ते त्यांनी केले.

दुसऱ्याला लिहावाचावयास शिकविताना आपण काही देत आहो, असे आपणांस वाटत असते. देण्याबरोबर आपलेही काही जाते, हे आधीच समजून असावे. शिकलेला मनुष्य पूर्वीसारखा मान डोलावणार नाही. पावती वाचील, तारीख विचारील, चूक दाखवील. तेव्हा आपल्या कपाळाला आठी पडणार असेल, तर वर्गात अहोजाहो म्हटलेले सारे व्यर्थ होय.

ज्यांच्या वाड्याचा सोपा किंवा बंगल्याचा व्हरांडा रात्री रिकामा असतो, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा. एक सतरंजी, दोन खुर्च्या, चांगला दिवा, पिण्याचे पाणी आणि आठवड्यातील चार तास. याहून अधिक भांडवल लागत नाही. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातील मावशी वही उघडून बसल्या असता तिकडे न पाहता आपले काम करीत राहावे, आणि त्यांनी काही विचारले तर बरोबरीच्या माणसाला द्यावे तसे सरळ उत्तर द्यावे. आमच्या वर्गात सध्या जोडाक्षरे चालू आहेत. पावसाळ्यापूर्वी ती संपवावयाची असे मावशींनी ठरविले आहे; नदी वाढली म्हणजे वर्ग बंद ठेवावा लागतो, आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही.